मातीचे हात, डोळ्यात कण : बागकाम करणाऱ्या वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : कुंडीतली माती बदलताना डोळ्यात काहीतरी उडालं. लगेच पाण्याने धुतलं, पण दोन तास झाले तरी खुपतंय. पापणी मिटली-उघडली की जास्तच. आरशात मात्र काही दिसत नाही.

उत्तर : कण बहुधा वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला चिकटलाय, म्हणून आरशात दिसत नाही. पापणीच्या कडेच्या जरासं आत एक बारीक खाच असते. कण तिथे अडकतो आणि दर उघडझापीला बुबुळावर घासतो. अशा डोळ्यात आम्ही तपासणीचा रंग टाकून निळ्या उजेडात बघतो, तेव्हा बुबुळावर हिरव्या उभ्या रेघा उजळतात, मांजराने नखं ओढावीत तशा. त्या दिसल्या की पापणी कापसाच्या काडीवर उलटायची आणि ओल्या कापसाने कण टिपून घ्यायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. माणूस पुढच्याच क्षणी म्हणतो, "गेलं!"

घरी एवढं करा. आधी हात साबणाने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. मग स्वच्छ पाण्याची धार सोडून डोळ्याची उघडझाप करा. तरी खुपत राहिलं, तर वरच्या पापणीचे केस हलकेच धरून ती खालच्या पापणीवर ओढा आणि सोडून द्या. खालच्या पापणीचे केस कण झाडून काढतात. रुमालाचं टोक, चिमटा, फुंकर यातलं काही नको. आणि चोळणं तर मुळीच नको. बुबुळ मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. वरवरचा ओरखडा एक-दोन दिवसांत भरून येतो, पण चोळून तो खोल केला आणि त्यात माती गेली की दुखणं वाढतं. दोन तास होऊन गेलेत, तेव्हा आता वाट न बघता डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : झाड छाटताना काडी डोळ्याला लागली. घरात मागे डोळे आले होते तेव्हाचे ड्रॉप्स होते, ते टाकले. लाली कमी झाली. पण आता सहाव्या दिवशी पुन्हा दुखतंय आणि उजेड सहन होत नाही.

उत्तर : ते ड्रॉप्स आत्ता बंद करा आणि आजच्या आज डोळा दाखवा. बाटली सोबत न्या.

झाडाची काडी, गवताचं पातं, वाळकं पान यांच्यावर बुरशीचे बीजाणू असतात, फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचे बरेचदा. काडीने बुबुळाचा वरचा थर सोलला की त्यांना आत शिरायला वाट मिळते. ही बुरशी सावकाश वाढते. पहिले दोन-तीन दिवस नुसती लाली आणि किरकोळ खुपणं असतं, म्हणून 'डोळे आलेत' असं वाटून माणूस गाफील राहतो. मग बुबुळावर पांढुरका ठिपका दिसू लागतो.

उरलेल्या ड्रॉप्समध्ये स्टिरॉइड असेल तर धोका मोठा. लेबलवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन यातलं नाव आहे का बघा. स्टिरॉइडने लाली उतरते, पेशंटला बरं वाटतं आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. नुसतं अँटिबायोटिक असलं तरी बुरशीवर त्याचा उपयोग नाही. आठ-दहा दिवस असे ड्रॉप्स टाकून मग आलेले पेशंट मी पाहिले आहेत. एका गृहस्थांचा डोळा तपासताना कडा विस्कटलेला, राखाडी पांढरा व्रण दिसला. काडी लागली त्या संध्याकाळी ते आले असते तर डोळा स्वच्छ करून, योग्य थेंब देऊन घरी पाठवता आलं असतं. त्याऐवजी जखम खरवडून नमुना तपासावा लागला, नाटामायसिनचे थेंब दिवसरात्र तासातासाला टाकावे लागले आणि उपचार कित्येक आठवडे चालला. डोळा वाचला, पण बुबुळावर फूल पडलं ते पडलंच. त्या डोळ्याने आता त्यांना वाचता येत नाही. म्हणून हात जोडून सांगते, काडी किंवा पात्याने लागलेल्या डोळ्यात घरातली कुठलीही जुनी बाटली उघडू नका.

प्रश्न : मी हातमोजे घालूनच माती हाताळते. मग हात धुवायलाच हवेत का? सॅनिटायझर पुरेल?

उत्तर : धुवायलाच हवेत. मोजे काढताना बाहेरची बाजू हाताला लागते, मनगटातून माती आत जाते आणि शिवणीपाशी मोजा कधी फाटला ते कळतही नाही.

सॅनिटायझर मळक्या हातांवर नीट काम करत नाही. शिवाय मातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात, जंतांची अंडी असतात. त्यांना अल्कोहोलने फारसं काही होत नाही. साबण त्यांना मारत नसला तरी कातडीवरून सोडवतो आणि पाणी त्यांना वाहून नेतं. निदान 20 सेकंद चोळा. अंगठे आणि बोटांच्या बेचक्या विसरू नका. नखांखाली काळी रेघ राहिली असेल तर हात अजून धुतलेले नाहीत असं समजा. नखं कापलेली असली की हे काम फार सोपं होतं.

माझ्या मते खरी चूक काम चालू असतानाच होते. कपाळावर घाम आला, चष्मा घसरला, केस डोळ्यावर आले की हात आपोआप वर जातो. म्हणून सुरुवातीलाच केस बांधा, कपाळाला पट्टी लावा आणि अगदीच गरज पडली तर दंडाने पुसा. हाताला जखम असेल तर ती झाकून काम करा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. मोठ्यांना दर 10 वर्षांनी बूस्टर लागतो. मळकी जखम झाली आणि 5 वर्षं उलटून गेली असतील तरी डॉक्टर तो देतात.

प्रश्न : आमच्या वाफ्यात मांजरं घाण करतात. नातू तिथेच खेळतो आणि सून गरोदर आहे. मातीला हातच लावू द्यायचा नाही का?

उत्तर : नातवाला मातीत खेळू द्या, ती बंदी मला पटत नाही. फक्त काळजी घ्या. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोकारा जंताची अंडी मातीत येतात. ती पोटात गेली तर क्वचित अळी डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचते. लहान मूल एका डोळ्याने कमी दिसतंय अशी तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्यावर त्याचं काम भागतं. म्हणून अधूनमधून एकेक डोळा झाकून त्याला चित्र ओळखायला सांगा. डोळा तिरळा वाटला किंवा फोटोत एक बाहुली पांढरी दिसली तर लगेच तपासून घ्या.

सुनेने मात्र तो वाफा हाताळू नये. मांजराच्या विष्ठेतला टोक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी गर्भातल्या बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा करू शकतो आणि ओल्या मातीत तो वर्षभरही टिकतो. दुसरीकडे माती हाताळलीच तर मोजे घालून, नंतर हात धुऊन. वाफ्यातली विष्ठा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज उचलावी, कारण ताजी विष्ठा लगेच संसर्ग देत नाही. त्याला एक ते पाच दिवस लागतात.

प्रश्न : रुईचा चीक डोळ्यात उडाला. दुखत नाही, पण धूसर दिसतंय.

उत्तर : दुखत नाही म्हणून थांबू नका. रुईचा चीक बुबुळाच्या सर्वांत आतल्या थरापर्यंत जाऊन त्याला सूज आणतो आणि बहुतेकदा वेदना नसतातच. निदान 15 मिनिटं पाण्याने धुवा आणि तसेच डॉक्टरांकडे जा. शेर आणि त्याच्या कुळातल्या झाडांचा चीक उलट आग आग करतो, पण उपाय तोच. बागेत वापरायचा चुना डोळ्यात गेला तर अर्धा तास धुवा, पापण्यांच्या आतले खडे निघतील असं बघा आणि मगच दवाखान्याला निघा. चुना मिनिटामिनिटाला खोल जात असतो.

प्रश्न : नंबरचा चष्मा आहे. वेगळा गॉगल हवा का?

उत्तर : खुरपणीपुरता चष्मा चालेल. छाटणीला आणि गवत कापायच्या यंत्राला बाजूने बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा गॉगल हवा. यंत्राने उडालेला खडा साधी काच फोडतो. आणि रोपांना आधार म्हणून रोवलेल्या बांबूच्या काठ्यांच्या टोकांवर जुनी बाटली किंवा चेंडू खोचून ठेवा. वाकल्यावर ते टोक समोरून दिसत नाही.