'महासाथी आणि समाज' यातला 'आणि' आधी खोडा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पदव्युत्तर वर्गासाठी पाच हजार शब्दांचा विश्लेषणात्मक निबंध लिहायचाय, विषय घेतलाय 'महासाथी आणि समाज'. मार्गदर्शक म्हणाले, फार पसरट आहे, नेमका करा. तुम्ही 'विसाव्या शतकातील महासाथी आणि समाज' असं करून नेलंत, तर पुन्हा तेच ऐकावं लागलं. आता तुम्ही विचारताय की नेमका म्हणजे किती नेमका, आणि एवढा लहान केल्यावर पाच हजार शब्द भरतील का.

मी बरीच वर्षं ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसते. तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन टेबलापाशी येणारे दर सत्रात असतात, आणि बहुतेकांना तो प्रश्न विचारायची उगाचच लाज वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या मार्गदर्शकांचं बरोबर आहे, पण 'नेमका करा' एवढ्यावरून कुणालाच पुढचं पाऊल सुचत नाही. तुम्ही केलंत ते जवळजवळ सगळेच करतात: विषयाला कुंपण घातलंत, शतकाचं. पण कुंपणाच्या आत १९१८चा इन्फ्लुएन्झा आहे, १९५७ आणि १९६८च्या फ्लूच्या साथी आहेत, एड्स आहे. नांगरायची जमीन फारशी कमी झालेलीच नाही.

माझ्या मते खरी अडचण 'आणि' या शब्दात आहे. 'महासाथी आणि समाज', 'माध्यमं आणि लोकशाही', 'तंत्रज्ञान आणि शिक्षण'. दोन भलीमोठी नामं शेजारी बसवायची आणि त्यांचं एकमेकांशी काय चाललंय हे सांगायचं काम 'आणि'वर टाकायचं. त्याला ते झेपत नाही. महासाथीने समाजाचं काय केलं? की समाजाने महासाथीचं काय केलं: लपवली, तिला नाव दिलं, दुसऱ्याच्या माथी मारली, विसरून गेला? 'आणि' खोडून तिथे एक क्रियापद लिहून बघा. समजा 'लपवली' लिहिलंत. लगेच विचारावं लागतं, कुणी लपवली, कुणापासून, आणि लपवली हे आपल्याला आज कशावरून कळतं? विषय आटायला सुरुवात होते ती इथे.

आमच्या क्षेत्रातली एक गोष्ट यासाठी फार उपयोगी पडते. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायची पद्धत, प्रसिद्ध केली. पुढे त्यांनी असं मांडलं की कुठलाही विषय पाच मूलभूत अंगांनी उलगडता येतो: व्यक्तिमत्त्व, पदार्थ, ऊर्जा, स्थल आणि काल. त्यांना पुस्तकं कपाटात नेमक्या जागी लावायची होती, निबंधाचे विषय शोधायचे नव्हते. तरी मी ही पाच अंगं सोपी करून वापरते: मुख्य गोष्ट कोणती, ती कशाची बनलेली, तिच्या बाबतीत काय घडतंय, कुठे, कधी. तुमचं शीर्षक यात बसवा. मुख्य गोष्ट: महासाथी, तीही कुठली ते माहीत नाही. कधी: विसावं शतक. बाकी तीन खणांत काहीच नाही. लोकांना विषय लहान करायला सांगितलं की ते स्थल आणि काल हे दोनच खण भरतात, कारण ते भरायला डोकं चालवावं लागत नाही. ऊर्जेचा खण, म्हणजे काय घडतंय हा खण, रिकामा राहतो. मघाचं क्रियापद याच खणात जातं.

पाचही खण भरले म्हणजे झालं, असं मात्र नाही. खण भरून तुम्हाला विषयाचा पत्ता मिळतो. विश्लेषणाला पत्त्यावर जाऊन दार वाजवावं लागतं, म्हणजे प्रत्यक्ष साहित्यापाशी बसावं लागतं, आणि तेही विषय पक्का व्हायच्या आधी. या एका गोष्टीसाठी मी विद्यार्थ्यांशी हुज्जत घालते. 'आधी विषय ठरवतो, मग साहित्य बघतो' असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. उलट करा. अर्धाकच्चा विषय घेऊन साहित्यात जा आणि काय खटकतं ते बघा.

एक उदाहरण देते. एक मुलगी 'जाहिरात आणि स्त्री' असा विषय घेऊन आली होती. तीन आठवडे पुस्तकांच्या याद्या करत होती आणि दर आठवड्याला यादी लांबत होती. मी तिला मासिकांचे जुने बांधीव खंड काढून दिले आणि म्हटलं, दोन दिवस एकही पुस्तक उघडायचं नाही, फक्त धुलाई यंत्रांच्या जाहिराती बघायच्या, प्रत्येकीबद्दल वहीत एक ओळ लिहायची. धुलाई यंत्रच का, याला काही कारण नव्हतं, समोरच्या पानावर तीच जाहिरात उघडी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वही घेऊन आली. तिने लिहिलं होतं: 'आधीच्या जाहिरातींत बाईचे हात ओल्या कपड्यांवर. मग बटणावर. नंतरच्यांत हात कामात नाहीतच, ती यंत्राशेजारी उभी राहून आपल्याकडे बघतेय.' वाचून दाखवताना ती स्वतःच थांबली आणि म्हणाली, 'मग काम कोण करतंय?' तिचा विषय त्या क्षणी झाला. जाहिरातीत श्रम कसे दिसेनासे होतात, आणि श्रम नाहीसे झाल्यावर बाईला चित्रात ठेवायचं कारण काय उरतं. शीर्षकात ना शतक होतं ना 'समाज', पण दोन्ही गोष्टी निबंधात आपोआप आल्या.

तिने काही कापून टाकलं नव्हतं, हे लक्षात घ्या. तिला काहीतरी खटकलं, आणि जे त्या खटकण्याशी संबंधित नव्हतं ते आपसूक गळून पडलं. विषय नेमका होतो तो असा. कापायचं काय हे आधी ठरवायला गेलात तर सगळंच महत्त्वाचं वाटत राहतं.

आता तुमच्या विषयाकडे येते. समजा १९१८चा इन्फ्लुएन्झा घेतलात. पहिलं महायुद्ध चालू होतं, लढणाऱ्या देशांत बातम्यांवर सेन्सॉरशिप होती. स्पेन तटस्थ होता, तिथली वर्तमानपत्रं मोकळेपणाने लिहीत होती, आणि म्हणून साथीला 'स्पॅनिश' नाव चिकटलं, ती तिथे सुरू झाल्याचा पुरावा नसताना. इथेच तुमचं 'लपवली' हे क्रियापद जिवंत होतं. आता त्याला एक जागा द्या. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात नागरिकांमधले पहिले रुग्ण १७ सप्टेंबर १९१८ रोजी नोंदले गेले. २८ सप्टेंबरला, शनिवारी, युद्धकर्जाच्या रोख्यांसाठी प्रचंड मिरवणूक निघाली, सुमारे दोन लाख लोक जमले. शाळा, नाट्यगृहं बंद करण्याचे निर्णय आले ३ ऑक्टोबरला. शहराला सोळा दिवस मिळाले होते. त्या सोळा दिवसांत तिथला माणूस संध्याकाळी वर्तमानपत्र उघडायचा तेव्हा त्याला नेमकं काय दिसत होतं? साथीची बातमी कुठल्या पानावर होती, मिरवणुकीची कुठल्या? दोन्ही एकाच पानावर कधी आल्या का? 'घाबरू नका' हे कोण म्हणत होतं, डॉक्टर, अधिकारी की संपादक?

आणि हे बघता येतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिक्लिंग अमेरिका' या संग्रहात जुनी वर्तमानपत्रं पानागणिक फुकट बघायला मिळतात. त्यात फिलाडेल्फियाचं 'इव्हिनिंग पब्लिक लेजर' आहे. ते रविवारी निघत नसे. १७ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर यांतले दोन रविवार वगळले तर पंधरा अंक होतात.

'किती नेमका' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला याच आकड्यात दिसतं. पाच हजार शब्दांतले प्रस्तावना, आधी झालेलं लेखन आणि शेवट यांना दोन हजार तरी जातात. उरले तीन हजार. एक बातमी नीट उलगडायची, म्हणजे तिचं शीर्षक, जागा, कुणाचा हवाला, कुठलं क्रियापद वापरलंय हे सगळं, तर पावणेदोनशे-दोनशे शब्द लागतात. म्हणजे तुमच्या निबंधात पंधरा ते सतरा बातम्या मावतात, त्यापेक्षा जास्त नाहीत. पंधरा अंकांतल्या निवडक बातम्या, हा घास तोंडात मावतो. विसाव्या शतकातल्या महासाथी मावणार नाहीत, मग तुम्ही कितीही चांगलं लिहा.

याच्याही पुढे जायचं असेल तर तुलना घ्या. अमेरिकेतल्याच सेंट लुइस शहरात पहिले नागरी रुग्ण ५ ऑक्टोबरला नोंदले गेले आणि ७ ऑक्टोबरला निर्बंध लागू झाले. एका शहराने सोळा दिवस घेतले, दुसऱ्याने दोन. यात खरोखर प्रश्न आहे. सेंट लुइसला फिलाडेल्फियाचे हाल आधी वाचायला मिळाले, म्हणून हा फरक पडला का? की दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचे अधिकार वेगळे होते? पण पाच हजार शब्दांत दोन शहरं घेतलीत तर प्रत्येकी सात-आठच बातम्या वाट्याला येतील, हे आधीच मोजून ठेवा.

तुलनेवर माझा फार विश्वास आहे, त्याचं कारण सेमेलवाइस नावाचा डॉक्टर. सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतिणींना येणारा जीवघेणा ताप, हा एकोणिसाव्या शतकातला अवाढव्य विषय होता, त्यावर हवेपासून ग्रहांपर्यंत सगळे सिद्धान्त मांडून झाले होते. व्हिएन्नाच्या रुग्णालयात काम करणाऱ्या इग्नाझ सेमेलवाइसने विचारलं ते एवढंच: एकाच रुग्णालयाच्या दोन प्रसूती विभागांत फरक का? १८४६ साली पहिल्या विभागात ४०१० प्रसूतींमागे ४५९ मृत्यू झाले, दुसऱ्यात ३७५४ मागे १०५. इमारत तीच, हवा तीच, बायका एका दिवशी इकडे, दुसऱ्या दिवशी तिकडे दाखल व्हायच्या. म्हणजे हवा, ऋतू, शहर ही सगळी मोठमोठी कारणं एका फटक्यात बाद झाली, कारण ती दोन्हीकडे सारखीच लागू होती. उरला फरक हा की पहिल्या विभागात शवविच्छेदन करून येणारे वैद्यकीय विद्यार्थी शिकत होते, दुसऱ्यात सुईणी. १८४७च्या मे महिन्यात त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि पहिल्या विभागातले मृत्यू झपाट्याने उतरले. 'सूतिकाज्वर आणि समाज' असं लिहून त्याला हे सापडलं नसतं. जोडीतल्या दोन गोष्टी जितक्या सारख्या, तितका उरलेला फरक बोलका.

आता तुमची भीती, की एवढं लहान केलं तर लिहायला काय उरेल. दोन प्रकारचं लहान असतं. 'फिलाडेल्फियात निर्बंध कधी आले?' हा प्रश्न लहान आहे आणि मेलेलाही आहे, एक तारीख सांगितली की संपला. 'सोळा दिवस का लागले असतील, आणि वर्तमानपत्राचा त्यात काय वाटा होता?' हा लहान आहे, पण त्याची दोन-तीन वेगवेगळी उत्तरं संभवतात आणि त्यांतलं कुठलं पटतं हे पुराव्यावरून भांडून ठरवावं लागतं. माझी साधी परीक्षा अशी: तुमच्या उत्तराच्या विरुद्ध कुणी समंजस माणूस बोलू शकतो का? बोलू शकत नसेल तर ती माहिती आहे. बोलू शकत असेल आणि ते भांडण मिटवायला समोरची पंधरा पानं थोडीफार तरी मदत करत असतील, तर विषय झाला.

लहान गोष्टीतून मोठं बोलता येतं याबद्दल शंका असेल तर डार्विनची आठवण ठेवा. त्याचं शेवटचं पुस्तक, १८८१ सालचं, गांडुळांवर आहे. त्याने घराजवळच्या शेतावर १८४२च्या डिसेंबरात खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि एकोणतीस वर्षांनी, १८७१च्या नोव्हेंबरात, चर खणून बघितलं. तुकड्यांची पांढरी रेघ सात इंच खाली गेली होती. तो बोलत होता ते इतक्या हळू घडणारे बदल केवढे मोठे असू शकतात याबद्दल, म्हणजे आयुष्यभर ज्याबद्दल बोलला त्याबद्दलच. पण मोजलं त्याने फक्त सात इंच.

तुम्हाला कदाचित १९१८ आवडणार नाही, एड्सच्या सुरुवातीच्या वर्षांतली सरकारी पत्रकं घ्यावीशी वाटतील किंवा आणखी काही. घ्या, पद्धत तीच राहील. फक्त मार्गदर्शकांकडे पुन्हा नुसतं शीर्षक घेऊन जाऊ नका. एक प्रश्न, साहित्य कुठलं आणि किती ते एका ओळीत, आणि आज तुम्हाला वाटणारं कच्चं उत्तर, एवढं एका कागदावर न्या. कच्चं उत्तर चुकलं तरी चालेल, मार्गदर्शकाला त्यावर बोलता येतं. 'महासाथी आणि समाज'वर त्यांनाही 'पसरट आहे' यापलीकडे काही बोलता आलं नव्हतं.

आजच सुरू करायचं तर त्या पंधरांपैकी तीन अंक उघडा: २७ आणि २८ सप्टेंबर, आणि मग ३ ऑक्टोबर. फक्त पहिली पानं, वही शेजारी, एका बातमीला एक ओळ. काय खटकलं ते इथे लिहा, मग त्याचा प्रश्न कसा करायचा ते आपण मिळून बघू.