छातीवर दडपण येत असेल तर नुसता कॅल्शियम स्कोअर पुरतो का?

तुम्ही लिहिलंय: बाबा ५६ वर्षांचे, दादरचा पूल चढताना छातीवर दडपण येतं, थांबले की जातं. ईसीजी नॉर्मल. डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफी सांगितली. त्याऐवजी इंजेक्शनशिवाय होणारा, स्वस्तातला कॅल्शियम स्कोअर चालेल का?

नाही चालणार. मी परळला सीटी टेक्निशियन आहे, हा प्रश्न सारखा ऐकतो.

झोपून काढलेला ईसीजी अडथळा असूनही नॉर्मल येऊ शकतो, कारण तेव्हा हृदयाला रक्त कमीच लागतं. पूल चढताना गरज वाढते आणि अरुंद धमनीला ती भागवता येत नाही. कॅल्शियम स्कोअर धमन्यांत साठलेलं कडक कॅल्शियम तेवढं मोजतो. चरबीचा मऊ थर त्यात धरलाच जात नाही. काही त्रास नसलेल्याला शून्य स्कोअरचा दिलासा मोठा. बाबांना त्रास आहे, त्यांनी शून्यावर विसंबू नये. सीटी अँजिओत शिरेतून आयोडीनचा डाय देतात, म्हणून धमनी आतून किती मोकळी आहे ते कळतं आणि मऊ थरही दिसतो. मात्र कॅल्शियम फारच असेल तर त्याच्या चकाकीत आतली जागा झाकली जाते. मग मनगटातून किंवा जांघेतून करतात ती नेहमीची अँजिओग्राफी लागू शकते.

आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या, दमा, डायची जुनी ॲलर्जी, सगळं सांगा. त्या दिवशी चहा-कॉफी नको. आणि तासभर लवकर या. विरार लोकलमधून उतरून घाईघाईत आलेल्या माणसाची नाडी ९५ भरते; आम्हाला ६०च्या आसपास लागते, नाहीतर चित्र हलतं. नाडी उतरवायला गोळी देतात, जिभेखाली नायट्रोग्लिसरीनही देतात. आधीच्या एक-दोन दिवसांत व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल तर नायट्रोग्लिसरीनने रक्तदाब धोकादायक इतका घसरू शकतो. पोरांसमोर पुरुष हे बोलत नाहीत, म्हणून बाबांना आमच्याशी एकट्याने बोलू द्या.

डाय जाताना अंगभर ऊब पसरते, लघवी झाल्यासारखं वाटतं. होत नाही, पण माणूस दचकून हलतो. त्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि तपासणीच्या तारखेआधी दडपण बसल्या जागी आलं, घाम फुटला किंवा थांबूनही गेलं नाही, तर सीटीची वाट बघू नका. १०८ला फोन करा, थेट कॅथलॅब (अँजिओग्राफी करून अडथळा उघडायची खोली) असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.