‘क्राइम्स ऑफ द हार्ट’ या नाटकात आत्महत्या आणि गोळीबार असूनही त्याला विनोदी का म्हणतात?

आपला प्रश्न असा आहे की, ज्या नाटकात आईने गळफास घेतलेला आहे, धाकटी बहीण नवऱ्यावर गोळी झाडून जामिनावर सुटून आली आहे आणि आजोबा रुग्णालयात शेवटच्या घटका मोजत आहेत, ते विनोदी कसे, आणि हौशी संस्थेने ते करताना प्रेक्षकांना हसू द्यावे की नाही. माझ्या मते प्रेक्षकांना खुशाल हसू द्यावे. नटांनी मात्र हसवायला जाऊ नये.

नाटककार बेथ हेन्ली मूळच्या अमेरिकेच्या दक्षिणेतील मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराच्या. त्यांचे हे नाटक १९७९ मध्ये लुइव्हिल येथे प्रथम रंगमंचावर आले. १९८१ मध्ये त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते ब्रॉडवेवर गेले. नाटकाचे तिन्ही अंक जॅक्सनच्या दक्षिणेकडील हेझलहर्स्ट या लहान गावात, मॅग्राथ बहिणींच्या स्वयंपाकघरात घडतात, आणि ही जागा मला फार महत्त्वाची वाटते. गोळीबार, वादळ, मृत्यू हे सगळे बाहेर कुठेतरी होऊन गेलेले असते. आपल्याला दिसतो तो ओटा, फोन आणि खाण्याचे पदार्थ. थोरली लेनी तिशीची झाली आहे आणि कोणाच्याही लक्षात नसलेला हा वाढदिवस ती एका बिस्किटात मेणबत्ती खोचून एकटीच साजरा करू पाहते. मधली मेग गायिका व्हायला हॉलिवूडला गेली आणि तिथे श्वानखाद्याच्या कंपनीत कारकुनी करत राहिली. (तीन बहिणी म्हटल्या की रशियन नाटककार चेकॉव्हचे ‘थ्री सिस्टर्स’ आठवतेच, त्यातल्या बहिणी मॉस्कोची स्वप्ने पाहतात पण तिथे पोहोचतच नाहीत, मेग मात्र आपल्या मॉस्कोला जाऊन हात हलवत परत आली आहे.)

धाकट्या बेबचा जबाब हा या विनोदाचा उत्तम नमुना आहे. नवऱ्याच्या पोटात गोळी घातल्यावर तिला भयंकर तहान लागते, म्हणून ती भरपूर साखर घालून एक मोठे भांडे भरून लिंबाचे सरबत करते, स्वतः तीन पेले पिते आणि मग रक्तबंबाळ पडलेल्या नवऱ्याला, तुलाही हवे का, असे विचारते. यात कोटी नाही, टोमणा नाही. बेबला हे विनोदी वाटत नाही, तर घडले तसे सांगण्याची तिची धडपड आहे. ही ओळ नटीने डोळा मिचकावून म्हटली, तर उरते ती केवळ एक विक्षिप्त बाई.

आम्ही पाच-सहा मैत्रिणींनी हे नाटक एकदा घरी बसून मोठ्याने वाचले होते. तिसऱ्या अंकात मेग रात्रभर बाहेर राहून खुशीत परत येते आणि म्हणते की, आता आजोबांना सगळे खरे सांगून टाकणार, मग तो धक्का बसून ते कोमात गेले तरी बेहत्तर. तिला ठाऊक नसते की आजोबा खरोखरच कोमात गेले आहेत. लेनी आणि बेब यांना ते ठाऊक असते, आणि दोघींना हसू आवरत नाही. बेबचे संवाद वाचणाऱ्या मैत्रिणीचे आजोबा महिन्यापूर्वीच गेले होते. त्यामुळे आधी आम्ही कोणीच हसेना, आणि तिला हसू फुटल्यावर कोणाला थांबता येईना. सुतकाच्या घरात आतल्या खोलीत बसून तोंडात पदर कोंबून हसणाऱ्या बायका आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. हे हसू त्याच जातीचे आहे.

नाटकात मला खटकणारी एक गोष्टही सांगायला हवी. बेबचे ज्याच्याशी संबंध जुळतात, तो विली जे हा पंधरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा आहे. तो रंगमंचावर येतच नाही, आणि शेवटी त्याला उत्तरेकडच्या बसमध्ये बसवून दिले जाते. अमेरिकेच्या दक्षिणेतील राज्यांच्या इतिहासात अशा मुलाच्या जिवाला केवढा धोका असे, हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला ही सोय फार सोपी वाटेल. तालमीपूर्वी आपल्या मंडळींनी यावर मोकळेपणाने बोलून घ्यावे.

वेळेअभावी काटछाट करावी लागली, तर मांजराला मात्र हात लावू नका. आईने स्वतःबरोबर घरातले म्हातारे पिवळे मांजरही फासावर लटकवले होते, आणि त्यामुळे ही बातमी देशभर गाजली, असा उल्लेख येतो तेव्हा प्रेक्षागृहात हमखास खसखस पिकते. पुढे तिसऱ्या अंकात, स्वतः जीव देण्याचा प्रयत्न फसल्यानंतर, बेबला एकदम उमगते की आईला मांजराचा राग नव्हता, तिला एकटीने मरायची भीती वाटत होती. मांजर तेच, पण या वेळी कोणी हसत नाही. त्यानंतर लेनीचा केक येतो, एक दिवस उशिरा, आणि तिघी तो सकाळच्या न्याहारीलाच खायला घेतात.