मोर्चाच्या आधी कागद

खाण किंवा तेलाच्या प्रकल्पाविरुद्ध लढायचा उत्साह चांगलाच आहे तुझा, पण पहिल्याच आठवड्यात फलक रंगवायला बसू नकोस. आधी प्रकल्पाचा पर्यावरण परिणाम अहवाल मिळव आणि शेवटून, म्हणजे परिशिष्टांपासून वाच. गोम तिथंच असते. एका खाणीच्या अहवालात पाण्याचे सगळे नमुने ऐन पावसाळ्यात घेतलेले मला असेच सापडले होते. उन्हाळ्यात तीच विहीर तळ गाठते, हे तिथं पाणी भरणाऱ्या बाईंनी सांगितलं, तज्ज्ञांनी नाही.

हरकत लेखीच द्यायची, वर पोच घ्यायची. तोंडी बोललेलं सुनावणीच्या इतिवृत्तात 'किरकोळ शंका' होऊन बसतं.

मग पैसा कुठून येतोय ते बघ. कर्ज आणि विमा मिळाल्याशिवाय पाइपलाइन उभी राहत नाही. बँकेला नीतिपाठ देण्यापेक्षा जोखीम दाखवलेली जास्त लागू पडते, असं माझं मत.

कोर्टात घाई चालत नाही. ब्रिटनमध्ये सरे इथल्या तेलविहिरींविरुद्धचा खटला खालच्या दोन न्यायालयांत हरला होता. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी बेकायदा ठरवली, कारण ते तेल पुढे जळल्यावर होणारं उत्सर्जन कुणी मोजलंच नव्हतं! अमेरिकेतल्या कीस्टोन एक्सएल पाइपलाइनचा अर्ज २००८चा, ती रद्द झाली २०२१ला. एवढी वर्षं टिकायचं तर कामं वाटून घे, आणि खाणकामगारांना शत्रू समजू नकोस. त्यांच्या पुढच्या रोजगाराचं काय, हा प्रश्न पहिल्याच सभेत येतो. त्याचं उत्तर तयार ठेवूनच जा.