घाटातली वेळ, वॅटचे गणित आणि ‘जर-तर’

टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीतल्या चढायांवर या वेळी बरेच प्रश्न आले. त्यांतल्या पाच प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : 14 जुलै 2024 रोजी स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने प्लाटो द बेयच्या घाटात इटलीच्या मार्को पांतानीचा 1998 चा विक्रम साडेतीन मिनिटांहून जास्त फरकाने मोडला. पोगाचार खरोखर तेवढा सरस आहे की यात काही काळेबेरे आहे? आमच्या ग्रुपमध्ये यावरून रोज भांडणे होतात. – एक वाचक, नाशिक

आधी आकडे मांडू. घाट 15.8 किलोमीटरचा, सरासरी चढ 7.9 टक्के, म्हणजे उंचीतला फरक सुमारे 1250 मीटर. पांतानीला लागली साधारण साडेत्रेचाळीस मिनिटे, पोगाचारला चाळीसच्या किंचित आत. तासाला किती मीटर उंची गाठली या हिशेबाला सायकलिंगमध्ये व्हीएएम म्हणतात. पांतानीचा व्हीएएम 1720 च्या आसपास येतो, पोगाचारचा 1880.

आता त्या दिवशीचा निकाल बघा. पोगाचारचा मुख्य प्रतिस्पर्धी विंगेगार्ड 1 मिनिट 8 सेकंदांनी मागे होता आणि रेम्को एवेनपूल 2 मिनिटे 51 सेकंदांनी. म्हणजे तिसऱ्या क्रमांकावर आलेला गडीसुद्धा पांतानीपेक्षा वेगाने चढला. पहिले तिघेच्या तिघे जुन्या विक्रमाच्या आत येतात तेव्हा कारण एका माणसाच्या पायांत शोधून भागत नाही. ते त्या दिवसाच्या शर्यतीत आणि मधल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत शोधावे लागते.

त्या दिवशी विंगेगार्डच्या संघाने घाटाच्या पायथ्यापासूनच वेग कमालीचा चढा ठेवला होता. शेवटी त्याचा सहकारी मॅटियो जॉर्गेन्सन याने पुढे राहून ओढ दिली आणि माथा दहा-साडेदहा किलोमीटरवर असताना विंगेगार्डने ॲटॅक केला, म्हणजे एकदम वेग वाढवून सुटायचा प्रयत्न केला. पोगाचार त्याच्या चाकाला चिकटून राहिला आणि शेवटच्या पाच-साडेपाच किलोमीटरमध्ये एकटा सुटला. पूर्ण घाट कुणीतरी जिवाच्या आकांताने चढत होते, एकमेकांकडे बघत रेंगाळण्यात एक मिनिटही गेले नाही. विक्रमी वेळ अशाच दिवशी निघते. दोन तगडे दावेदार एकमेकांना जोखत चढले, तर तेच पाय दोन मिनिटे उशिरा पोचतात.

सायकलचा वाटाही धरायला हवा. पांतानीच्या काळी अरुंद टायर भरपूर हवा भरून वापरत. आता 28 ते 30 मिलिमीटरचे, आतून लवचीक टायर असतात. टायरचा घर्षण-गुणांक 0.001 ने घटला तरी या वेगाला जवळजवळ 5 वॅट वाचतात आणि या घाटात वीसेक सेकंद मिळतात. वजन एक किलोने कमी झाले तर आणखी वीस ते पंचवीस सेकंद. मात्र 2000 पासून सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी चालत नाही, त्यामुळे वजनातून मिळणारा फायदा मर्यादितच आहे. दोन्ही मिळून मिनिटभर धरा.

खाण्याचा वाटा माझ्या मते याहून मोठा आहे. पूर्वी तासाला 60 ग्रॅम कर्बोदके ही वरची मर्यादा मानत. आता ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ठरावीक प्रमाणात मिसळून, आतड्यांना महिनोन्‌महिने सवय लावून, 100 ते 120 ग्रॅम घेतात. 2024 चा तो टप्पा 197.7 किलोमीटरचा होता. सुरुवातीलाच पेरसूर्द, मग मेंते, पोर्ते दास्पे, आन्य, आणि सगळ्यात शेवटी बेय. पाचव्या तासाला पायांत साखर शिल्लक असणे इथे निर्णायक ठरते.

आता संशय. पांतानीच्या 1998 च्या जपून ठेवलेल्या नमुन्यांत ईपीओ (रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारे उत्तेजक) सापडल्याचे 2013 मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालातून जाहीर झाले. त्यामुळे ‘डोपिंगच्या काळातला विक्रम मोडला म्हणजे नक्कीच डोपिंग’ असे म्हणणारे बरेच. पण घाटातली वेळ हा पुरावा नव्हे. तिच्यात वारा, संघाची ओढ, टायर आणि खाणे इतके कालवलेले असते की तिच्यावरून ना दोष सिद्ध होतो, ना निर्दोषत्व. डोपिंगचा निवाडा रक्ताचे नमुने आणि साक्षीपुरावे यांवरच व्हायला हवा. कामगिरी तोलायची तर त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, त्याच वाऱ्यात दुसऱ्यांवर मिळवलेला फरक सगळ्यात विश्वासाचा. 1 मिनिट 8 सेकंद हा आकडा मला साडेतीन मिनिटांपेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

प्रश्न : टीव्हीवर दिसलेल्या वेळेवरून लोक ‘किलोमागे 7 वॅट’ असे आकडे काढतात. एकाच चढाईचे तीन ठिकाणी तीन आकडे कसे? – एक वाचक, कोल्हापूर

किलोमागे वॅट म्हणजे स्वाराच्या वजनाच्या दर किलोमागे त्याने लावलेली शक्ती. बेयचेच उदाहरण सोडवून दाखवतो. स्वार 65 किलोचा धरा. सायकल, कपडे, पाणी मिळून 9 किलो, एकूण 74. वेग सेकंदाला 6.6 मीटर, म्हणजे तासाला 23.8 किलोमीटर.

गुरुत्वाकर्षणावर मात करायला 378 वॅट लागतात. टायरच्या घर्षणाला, गुणांक 0.004 धरून, 19 वॅट. हवेच्या रोधाला, वारा अजिबात नसेल आणि पुढे कुणी नसेल तर, 48 वॅट. बेरीज 445. साखळी आणि गिअरमध्ये दोन-अडीच टक्के वाया जातात ते मिळवले की 457. भागिले 65, म्हणजे किलोमागे 7.03 वॅट.

मागून सेकंदाला 2 मीटर वेगाचा वारा असला, झाडाची पाने हलतील इतपत, तर हवेचा रोध 48 वरून 24 वॅटवर येतो. तोच समोरून आला तर 82 वर जातो. नुसत्या वाऱ्याच्या झुळकेने उत्तरात किलोमागे जवळजवळ 0.9 वॅटची दरी पडते आणि तो आकडा टीव्हीवर कुठेच दिसत नसतो. नागमोडी घाटात वारा दर वळणाला दिशा बदलतो म्हणून फरक काहीसा भरून निघतो. सरळ जाणाऱ्या घाटात तेवढाही भरून निघत नाही.

दुसरी गफलत कुणाच्या मागे बसण्याची. या वेगालाही पुढच्याच्या आडोशाने पंधरा वॅटपर्यंत वाचतात. पोगाचार पाचेक किलोमीटर विंगेगार्डच्या मागे होता, त्यामुळे 7.03 हा आकडा थोडा खाली आणायला हवा. तिसरी गफलत वजनाची. संघाच्या माहितीपत्रकातले वजन जानेवारीचे आहे की जुलैचे, हे छापलेले नसते.

चौथी गफलत सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त होणारी. घड्याळ सुरू कुठे करायचे? आल्प द्युएझवर पांतानीच्या 1997 च्या चढाईची वेळ एका यादीत 37:35 सापडते आणि दुसरीत 36:55. माणूस तोच, दिवस तोच, पण मोजणीची रेषा वेगळी. दोन वर्षांच्या वेळा शेजारी ठेवण्याआधी दोन्हींची सुरुवात आणि शेवट त्याच दगडाशी, त्याच पुलाशी आहे का, एवढे तरी तपासा.

झटपट उत्तरासाठी बरेच जण व्हीएएमला (200 + चढाच्या टक्क्यांची दसपट) ने भागतात. बेयला 1880 ÷ 279 = 6.74 येते. हे सूत्र मिकेले फेरारीचे. 2012 मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने आजन्म बंदी घातलेला डॉक्टर तो हाच. सूत्र उपयोगाचे आहे, पण वर सविस्तर काढलेल्या आकड्यापासून ते 0.3 वॅट लांब पडले, हे लक्षात असू द्या. कुणी दशांशानंतर दोन अंक छातीठोकपणे सांगत असेल तर त्यातला दुसरा अंक सोडून द्या आणि पहिल्यावरही फार भार टाकू नका.

प्रश्न : 2022 मध्ये पोगाचारने कोल द्यु ग्रानोंवर 2 मिनिटे 51 सेकंद गमावले आणि टूर 2 मिनिटे 43 सेकंदांनी हरला. तो एक दिवस वगळला तर 8 सेकंदांनी तोच जिंकला असता ना? – एक वाचक, ठाणे

वजाबाकी बरोबर आहे, निष्कर्ष चुकला आहे. आणि चूक आकड्यांतच आहे, डावपेचांपर्यंत जायचीही गरज नाही.

2:43 हा फरक पॅरिसचा, म्हणजे शेवटच्या टप्प्यानंतरचा. त्याच्या आदल्या दिवशी, टाइम ट्रायलनंतर (प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध पळवायचा टप्पा), विंगेगार्ड 3 मिनिटे 34 सेकंदांनी पुढे होता. पॅरिसमध्ये तो सहकाऱ्यांसोबत सावकाश, जथ्थ्याच्या 51 सेकंद मागून आला, कारण काही बिघडणार नव्हते. फरक 8 सेकंदांचा असता तर तो असा रमतगमत आला नसता. म्हणून हिशेब 3:34 पासून धरायचा.

ग्रानोंच्या आधी पोगाचार 39 सेकंदांनी पुढे होता. तिथे 2:51 गेले, शिवाय विंगेगार्डला विजयाचे 10 बोनस सेकंद मिळाले. 39 ची आघाडी 2:22 ची पिछाडी झाली. पुढे पेरागुदला पोगाचारने 4 सेकंद भरून काढले. ओताकामला बोनससकट 1:08 गेले, रोकामादूरच्या टाइम ट्रायलमध्ये 8. आता ग्रानों पूर्ण पुसून टाका : 39 अधिक 4 म्हणजे 43, त्यातून 68 आणि 8 वजा. विंगेगार्ड तरीही 33 सेकंदांनी पुढे.

अर्थात ओताकामचे 1:08 तसेच गेले असते असेही नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. पोगाचार मागे होता म्हणून त्या दिवशी पुन्हा पुन्हा ॲटॅक करत होता. ओताकामआधीच्या स्पांदेल घाटाच्या उतारावर जीव धोक्यात घालून सुटला आणि पडला. एकूण आघाडीची पिवळी जर्सी अंगावर असती तर तो उतार त्याने तसा घेतलाच नसता. एक दिवस बदलला की पुढचे सगळे दिवस बदलतात. म्हणून ‘तो दिवस वगळला तर’ हा प्रश्न सोडून ‘त्या दिवशी त्याच्या हातात दुसरा कोणता निर्णय होता’ असे विचारावे.

असा निर्णय एक दिसतो. ग्रानोंआधीच्या गालिबिये घाटात विंगेगार्ड आणि त्याचा सहकारी रोग्लिच आळीपाळीने ॲटॅक करत होते आणि पोगाचार प्रत्येकाला स्वतः उत्तर देत होता. रोग्लिच पाचव्या टप्प्यात खांदा निखळून दोन मिनिटांहून जास्त मागे पडलेला. त्याला जाऊ द्यायचे आणि फक्त विंगेगार्डचे चाक धरायचे, हे शक्य होते. शरीर बराच वेळ टिकवू शकते त्या जोराच्या वरचा प्रत्येक झटका स्नायूंतला साखरेचा साठा भराभर जाळतो. गालिबिये 2642 मीटर, ग्रानोंचा माथा 2413 मीटर. एवढ्या उंचीवर, उन्हात, दमलेले शरीर पुन्हा सावरायला वेळ जास्त घेते. ग्रानोंच्या 11.3 किलोमीटरला सरासरी 9.2 टक्के चढ आहे, तिथे आडोशाचा उपयोग कमी आणि लपायला जागा नाही. शेवटच्या पाच किलोमीटरच्या आसपास विंगेगार्ड गेला आणि पोगाचारला हलताच आले नाही.

पण रोग्लिचला सोडले असते तर त्याचा पाठलाग कुणी केला असता? पोगाचारचे दोन सहकारी, लेंगेन आणि बेनेट, कोविडमुळे आधीच घरी गेले होते. उरलेल्यांना गालिबियेनंतरच्या लांबलचक उतारावर आणि दरीत ओढत राहावे लागले असते. माझे मत असे की सोडणेच बरे होते. नुकसान मिनिट-दीड मिनिटावर थांबले असते. पण टूर जिंकलाच असता असे म्हणायला आधार नाही. विंगेगार्ड त्या वर्षी उंच घाटांत सरस होता.

प्रश्न : 2020 मध्ये पोगाचारने लाव्हूरच्या टप्प्यात आडव्या वाऱ्यात 1 मिनिट 21 सेकंद गमावले. ते गमावले नसते तर शेवटच्या टाइम ट्रायलचा थरार झालाच नसता का? – एक वाचक, पणजी

कदाचित, पण उलट कारणाने. ते 1:21 गेल्यामुळेच दुसऱ्या दिवशी पेरसूर्दवर त्याने ॲटॅक केला तेव्हा मुख्य प्रतिस्पर्धी रोग्लिचच्या संघाने जिवाचा आटापिटा केला नाही, आणि त्याला सुमारे 40 सेकंद मिळाले. तो बरोबरीत असता तर त्याला एक मीटरही सुटू दिले नसते. ला प्लांश दे बेल फियच्या टाइम ट्रायलला तो 57 सेकंदांनी मागे होता, तिथे रोग्लिचवर 1:56 मिळवून 59 सेकंदांनी टूर जिंकला. ती 36.2 किलोमीटरची ताकद वाऱ्यातल्या नुकसानीवर अवलंबून नव्हती. जर्सी आधी मिळाली असती, एवढेच.

प्रश्न : मी दर रविवारी सिंहगड चढतो. पॉवर मीटर नाही. माझे वॅट कसे काढू? – एक वाचक, पुणे

चढाच्या सुरुवातीची आणि शेवटाची खूण पक्की करा. दोन्ही ठिकाणची समुद्रसपाटीपासूनची उंची नकाशावरून घ्या. घड्याळातल्या उंचीवर विसंबू नका, हवेचा दाब बदलला की तासाभरात ती दहा-वीस मीटर सरकते. समजा अंतर 8 किलोमीटर, उंचीतला फरक 560 मीटर, वेळ 40 मिनिटे. व्हीएएम 840, चढ 7 टक्के, 840 ÷ 270 म्हणजे किलोमागे 3.1 वॅट.

पण हे सूत्र हलक्या सायकलवरच्या हलक्या स्वारासाठी आहे. तुमची सायकल 13 किलोची आणि पाठीवर सॅक असेल तर प्रत्यक्षात तुम्ही जास्त जोर लावता आणि सूत्र कमी दाखवते. अशा वेळी एकूण वजन धरून वरच्या उत्तरातली फोड वापरा. मधे उतार किंवा बराच सपाट तुकडा असेल तर तो वगळून सलग चढाचाच भाग मोजा. सूत्र 6 ते 10 टक्क्यांच्या चढावर बरे चालते, 3-4 टक्क्यांवर हवेचा वाटा वाढतो आणि आकडा भरकटतो. वारा पडलेला असताना, पहाटे, त्याच टायरमध्ये तितकीच हवा भरून चढा आणि मागच्या महिन्याशी तुलना करा. त्या तुलनेपुरते हे मोजमाप पुरेसे भरवशाचे आहे. पोगाचारशी तुलना करायची असेल तर आधी चार घाट चढून पायथ्याशी या.