वाचकांचे प्रश्न : पेन एफ आणि परक्या लेन्स

प्रश्न : ऑलिंपस पेन एफ या हाफ-फ्रेम (नेहमीच्या अर्ध्या आकाराची फ्रेम घेणाऱ्या) फिल्म कॅमेऱ्यावर निकॉनच्या आणि एम४२ च्या (आट्यांनी बसणाऱ्या) जुन्या लेन्स अडॅप्टरने लावतो. जवळचे फोटो छान येतात, पण मिरामारहून काढलेला आग्वादचा किल्ला दर वेळी धूसर. लेन्स गेल्या का?
– एक वाचक, ताळगाव

उत्तर : दोन्ही लेन्स एकदम जाणार नाहीत, आधी अडॅप्टर मोजा. १९६३ च्या पेन एफमध्ये माउंटपासून (लेन्स बसते त्या कडीपासून) फिल्मपर्यंतचं अंतर २८.९५ मिमी आहे. निकॉन एफ माउंटचं ४६.५ आणि एम४२ चं ४५.४६. हा फरक अडॅप्टरने भरायचा, म्हणजे त्याची जाडी अनुक्रमे १७.५५ आणि १६.५१ मिमी हवी. डिजिटल व्हर्नियरने कडेला चार ठिकाणी मोजा, कारण स्वस्त अडॅप्टर एका बाजूला जाड निघतात.

चूक किती महाग पडते? अडॅप्टर जाड असेल तर दूरचं फोकस होत नाही. फोकल लांबीच्या वर्गाला जादा जाडीने भागा, फोकसची सर्वात दूरची मर्यादा मिळेल. ०.१ मिमी जादा असेल तर ५० मिमीची लेन्स २५ मीटरपुढे फोकसच होत नाही, २८ मिमीची तर आठ मीटरच्या आतच थांबते. म्हणून वाइड लेन्समध्ये हा दोष आधी उघडा पडतो. हाफ-फ्रेमचं १८ × २४ मिमीचं चित्र जास्त मोठं करावं लागतं, त्यामुळे धूसरपणा लपतही नाही. जाड अडॅप्टर लेथवर घासून घ्या, हाताने पॉलिश पेपरवर नको, तिरपा होतो. पातळ असेल तर इन्फिनिटीचा (अगदी दूरचा) फोकस लेन्सवरच्या खुणेच्या थोडा अलीकडे मिळतो, ते चालवून घ्यावं.

आग्वाद व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट आणि फिल्मवरच धूसर असेल, तर मात्र दोष बॉडीत आहे: आरसा किंवा फोकसिंग स्क्रीन जागेवर नाही.

अडॅप्टरवर अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) आपोआप मिटत नाही. पूर्ण उघडं ठेवून फोकस करा, मग अ‍ॅपर्चरची रिंग फिरवा. एम४२ लेन्सवर ए/एम (ऑटो/मॅन्युअल) बटण असेल तर ते एमवर हवं. बटण नसलेल्या ऑटो लेन्सचं अ‍ॅपर्चर, मागची पिन दाबणारा अडॅप्टर नसेल तर, उघडंच राहतं.

प्रश्न : ३८ मिमी एफ/१.८ झुइकोने (पेन एफच्या ऑलिंपस लेन्सने) काढलेले उन्हातले फोटो पांढरेफटक येतात.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : या लेन्सचं नेहमीचं दुखणं: फोकसिंगच्या ग्रीसमधलं तेल सुटून अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येतं, ती वेळेत मिटत नाहीत आणि जादा प्रकाश आत जातो. फिल्म न घालता एफ/१६ आणि बी (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) लावा, समोरून पाहत शटर दाबा. पाती झटकन मिटली पाहिजेत. रेंगाळली तर तेल आहे. दुरुस्ती करणाऱ्याला पाती धुऊन कोरडीच बसवायला सांगा. ती तेलाविना चालतात.

पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि बुरशी येते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घाला. तांदूळ नको, त्याची भुकटी रिंगमध्ये शिरते.

प्रश्न : पेन एफची लेन्स निकॉन एसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) बसेल?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. इन्फिनिटीसाठी ती बॉडीत १७.५५ मिमी आत न्यावी लागेल, तिथे आरसा आहे. आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या मायक्रो फोर थर्ड्‌सचं अंतर १९.२५ मिमी, त्यावर ९.७ मिमीच्या साध्या अडॅप्टरने उत्तम चालते.