फिरंगी, फ्रँक आणि टोपीकर

प्रश्न असा आलाय: ‘फिरंगी’ हा शब्द ‘फिरणे’वरून आला का? आणि पेशवाईवर लिहिताना इंग्रजांना फिरंगी म्हटलं तर चालेल का?

‘फिरणे’शी त्याचं काही नातं नाही. फिरत फिरत आले म्हणून फिरंगी, ही फोड ऐकायला बरी वाटते, एवढंच. शब्द आपल्याकडे फारसीतून आला. अरबीतलं त्याचं भावंड ‘इफ्रंज’. दोघांच्या मुळाशी आहेत युरोपातले फ्रँक लोक.

फ्रँक म्हणजे आजचे फ्रेंच नव्हेत. ऱ्हाईन नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या जर्मॅनिक टोळ्यांचं हे नाव. रोमन लिखाणात ते तिसऱ्या शतकापासून दिसतं. रोमची सत्ता ढासळल्यावर त्यांनी गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, घेतला, देशाला आपलं नाव दिलं आणि भाषा मात्र हळूहळू तिथली, लॅटिनमधून निघालेली उचलली. त्यांच्या सॅलिक कायद्यात फ्रँक माणसाच्या खुनाला 200 सॉलिडसचा (सॉलिडस म्हणजे रोमन सोन्याचं नाणं) दंड, रोमन जमीनदाराच्या खुनाला 100. असा वरचढ दर्जा असल्यामुळे जमातीच्या नावालाच ‘मोकळा, स्वतंत्र’ हा अर्थ चिकटला. ‘फ्रँकली सांगतो’मधला फ्रँक तो हाच.

त्यांच्या मेरोव्हिंजियन राजघराण्याची एक रीत सांगायलाच हवी. राजपुत्राच्या केसांना कात्री लावायची नाही. लांब केस हीच राज्यावरच्या हक्काची खूण. राजा क्लोव्हिसची विधवा क्लोटिल्ड हिच्याकडे तिचे तीन अनाथ नातू वाढत होते. त्यांचा वाटा गिळायला टपलेल्या चुलत्यांनी, म्हणजे तिच्याच मुलांनी, पोरं ताब्यात घेतली आणि तिच्याकडे कात्री आणि नंगी तलवार पाठवली: बोल, काय हवं? राज्य मिळणार नसेल तर केस कापलेले बघण्यापेक्षा मेलेले बघेन, असं ती रागाच्या भरात बोलून गेली. दोघं मारले गेले. तिसरा, क्लोडोआल्ड, निसटला. पुढे त्याने स्वतःच केस कापले आणि धर्मसेवेत गेला. पॅरिसजवळच्या सँ-क्लू गावाला त्याचंच नाव आहे. घराण्याचा शेवटही तसाच झाला: 751 मध्ये तिसऱ्या शिल्डेरिकचे केस उतरवून त्याला मठात धाडलं.

पुढे धर्मयुद्धांत (क्रुसेड्समध्ये) पश्चिम युरोपातून आलेल्या सगळ्यांनाच अरबांनी सरसकट ‘इफ्रंज’ म्हटलं. त्यामुळे 1498 मध्ये पोर्तुगीज गलबतं कालिकतला लागली तेव्हा त्यांच्यासाठी नाव तयारच होतं. मराठीत ते मुख्यतः पोर्तुगीजांनाच लागू झालं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार अशी वेगवेगळी नावं येतात. वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच, डिंगमार म्हणजे डॅनिश. गंमत म्हणजे ‘फरासीस’ही मुळात फ्रँकांकडूनच आलेला, म्हणजे एकाच यादीत एकच कूळ दोनदा!

तेव्हा पेशवाईवर लिहिताना इंग्रजांना फिरंगी म्हणू नये. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली ती फिरंग्यांकडून, म्हणजे पोर्तुगीजांकडून; तिथे शब्द सैल सोडला तर वाचकाला शत्रूच वेगळा वाटेल. दिसेल त्या गोऱ्याला फिरंगी म्हणायची सवय माझ्या मते आपल्याला हिंदी सिनेमाने लावली. सगळ्या युरोपियनांसाठी मिळून एक शब्द हवाच असेल तर तो आज्ञापत्रातच आहे: टोपीकर.